आयती चूल

१

पलटण उठायच्या आधी पलटणीच्या बायका निघतात. शिपाई जांभया देत पट्टे आवळतायत, कप्तान दाढीला पाणी मिळत नाही म्हणून कुरकुरतोय, तोवर आम्ही पाठीला गाठोडं, गाठोड्यावर मडकं आणि मडक्याला टांगलेला पत्र्याचा पेला अशा थाटात पुढे गेलेल्या असायचो. मुक्कामाची जागा आधी आम्ही गाठायची. कोरड्या ओढ्याच्या तोंडाशी, समुद्राच्या अलीकडे, काळसर वाळू बघून खड्डा खणायचा. पाणी पाझरायची वाट बघायची. खेचरांची लीद नाहीतर वाळलेलं शेवाळ वेचायचं आणि आपापली चूल मांडायची. सैन्यात आम्हाला राबोना म्हणायचे, ते काही कौतुकाने नाही. पण त्या किनाऱ्यावर सरकारने ना पाण्याची सोय केली होती, ना शिध्याची. जे काय होतं ते आमच्या पाठीवर होतं.

चूल म्हणजे तीन दगड. पण प्रत्येकीची मांडणी वेगळी. संध्याकाळी थकून भागून आलेल्या पुरुषाला सगळ्या मुक्कामात आपली चूल लांबूनच ओळखू यायला हवी ना! मी तीन दगडांच्या शेजारी एक चपटा दगड ठेवायचे, माझ्या नवऱ्याला, इलारियोला, पाय टेकायला. आणि सकाळी निघताना चुलीला लाथ घालून ती मोडायची. का, ते मला विचारू नका. माझी आई मोडायची, तिची आई मोडायची. उभी चूल मागे ठेवायची नाही आणि दुसऱ्याच्या दगडांवर आपलं पातेलं चढवायचं नाही, एवढंच आम्हाला माहीत.

चिलीवाल्यांकडून मार खाऊन आमची पलटण किनाऱ्याने उत्तरेला, अरिका बंदराकडे, माघारी निघाली होती. इलारियोच्या टाचेला फोड आला, फुटला, चिघळला. तो रोज रांगेच्या शेवटी लंगडत यायचा. कप्तानाचा हुकूम स्पष्ट होता, मागे राहील त्याच्यासाठी थांबायचं नाही, कारण थांबायला पाणी नाही. देशाचं काय व्हायचं ते होवो. मला माझा नवरा अरिकापर्यंत न्यायचा होता आणि मी तो नेणार होते.

२

पहिल्या मुक्कामावर पोचलो तेव्हा समुद्राचं धुकं आत आलं होतं. दुपार होती, पण उजेड ताकासारखा. सगळ्यांच्या पुढे बाल्तासारा होती. पुनो गावाकडची, तरुण, तोंडाची फटकळ.

"अगं बाई, माझी चूल!" ती ओरडली.

आम्ही जवळ गेलो. वाळूत तीन दगड, आणि प्रत्येक दगडावर एक पांढरा शिंपला. ही तिचीच खूण. तिच्या नवऱ्याला, फेर्मिनला, लांबचं धड दिसायचं नाही म्हणून ती शिंपले ठेवायची, आणि आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. खाली आर फुलला होता. वर मडकं होतं आणि मडक्यात पाणी.

आमच्या पुढे कुणी नव्हतं. निदान नसायला हवं होतं.

"दुसऱ्या पलटणीच्या बायका असतील," मी म्हटलं.

"आणि गेल्या कुठे? मडकं टाकून?"

"घोडेस्वार दिसले असतील. पळाल्या असतील."

"मग पावलं कुठायत?"

"वाऱ्याने पुसली."

वारा नव्हता. धुकं जागच्या जागी उभं होतं. हे मला बोलताबोलताच कळलं, पण मी तसंच दामटून नेलं. माणूस दमलेला असला की त्याला कारण हवं असतं, खरं असो नाहीतर खोटं.

सिप्रियाना आमच्यात थोरली, म्हणून तिला मानाने दोन्या म्हणायचो. पलटणीच्या म्हाताऱ्या नगारजीची बायको. तिने दगडांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मोड ती. लाथ घाल आणि नवी मांड."

"आणि जळण?" बाल्तासारा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जळण काय तुमचे वडील आणून देणार? बघा की, आजूबाजूला काडी नाही. देवाने आयती चूल दिली तर मी लाथ मारू?"

तिने मडक्यात पेला बुडवला, प्यायली, आणि तिचे डोळेच विस्फारले. "गोड आहे," ती हळूच म्हणाली.

त्या किनाऱ्यावर गोड पाणी नाही. आम्ही खणायचो त्या खड्ड्यांत यायचं ते खारट, मचूळ, वर तेलासारखा तवंग. तेच गाळून प्यायचो. आम्ही सगळ्यांनी एकेक घोट घेतला. खोटं कशाला बोलू, मीही घेतला. आमच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी असतं तसं होतं ते, थंडगार. आणि ते विस्तवावर होतं.

बाल्तासाराने त्याच चुलीवर मक्याचं सार रटरटवलं.

संध्याकाळी पलटण आली. फेर्मिन आला नाही.

"वाटेत बसला," सार्जंट बार्रेदा म्हणाला. हा चांगला माणूस, पण त्या दिवशी बाल्तासाराच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. "मी उठवला त्याला. म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. बरा दिसत होता गं. हसत होता."

बाल्तासारा पाणी घेऊन मागे निघाली, तर कप्तानाने पहारेकऱ्यांकरवी अडवली. "पाणी मागे जात नाही," तो म्हणाला. "एकीला सोडलं तर सगळ्या जातील. मग इथे प्यायचं काय?"

ती चुलीपाशी सार ढवळत बसली. सार आटून करपलं तरी ढवळत होती. शेवटी मीच तिच्या हातातला चमचा काढून घेतला.

३

दुसऱ्या मुक्कामावर दोन्या सिप्रियानाची चूल होती.

तिची मांडणी म्हणजे दगड एकमेकांना अगदी चिकटून, आणि मागे वाऱ्याला आडोसा म्हणून वाळूची भिंत. भिंतीवर बोटं ओढल्याच्या रेघा होत्या. ताज्या होत्या, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. वर मडकं, मडक्यात पाणी. आम्ही पाच पावलं लांब उभ्या राहिलो. कुणाला पुढे व्हायचं नव्हतं आणि कुणाला तसं बोलून दाखवायचं नव्हतं.

सिप्रियाना मात्र सरळ चालत गेली. चुलीला लाथ घातली, एक नाही, तीन. मडकं फुटलं. एवढं गोड पाणी वाळूत जिरलं आणि आम्ही कोरड्या जिभेने बघत राहिलो. मग तिने गाठोडं उतरवलं, लांब जाऊन आपले दगड आणले आणि वेगळ्या जागी वेगळी चूल मांडली.

संध्याकाळभर ती वाटेकडे तोंड करून बसली होती. म्हातारा नगारजी सगळ्यांच्या शेवटी आला, पण आला. सिप्रियानाने त्याच्या तोंडाला पेला लावला तेव्हा मी शेजारीच होते.

"आता कशाला आणखी?" म्हातारा कुरकुरला. "मघाशी वाटेत पाजलंस की पोटभर."

सिप्रियानाने पेला काढला नाही. "पी," ती म्हणाली. "मी सांगते ना, पी."

त्याने तोंड वेडंवाकडं करत ते खारट पाणी संपवलं.

मी स्वतःची समजूत घातली. उन्हाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. तहानेने माणसाला पाण्याची स्वप्नं पडतातच. फेर्मिन गेला तो अशक्तपणाने गेला. चुलीचा आणि ह्याचा काय संबंध? असं म्हणत मी आमच्या चुलीपाशी इलारियोचा पाय मांडीवर घेतला. मग माझ्या निळ्या परकराची खालची किनार टर्रकन फाडली आणि त्याची टाच घट्ट बांधली.

"चांगला परकर फाडलास," तो म्हणाला.

"अरिकाला गेल्यावर नवा घेऊन दे."

"पैसे कुठायत?"

"मग गप चाल. मेलास तर परकर बुडाला माझा."

तो हसला. त्याचं हसणं मला फार आवडायचं. आजही आवडतं.

४

तिसऱ्या मुक्कामाला जाताना मी मुद्दाम मागे मागे चालत होते. पुढच्या बायका थांबल्या, बाजूला झाल्या आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तीन दगड. शेजारी चपटा दगड. आणि चपट्या दगडावर, कुणीतरी धुऊन वाळत घालावी तशी नीट पसरलेली, निळी पट्टी.

मी वाकले. परकराची फाटकी कड हातात धरली आणि पट्टीला लावून बघितली. दोऱ्याला दोरा जुळत होता. ही पट्टी आज सकाळी त्याच्या टाचेवर होती. तो अजून आमच्या कितीतरी मागे चालत होता.

"निळं कापड कुणाकडेही असतं," मी मोठ्याने म्हणाले.

मग मला असा संताप आला म्हणता! माझी चूल? माझा दगड? माझ्या नवऱ्याची पट्टी धुणारी ही कोण लागून गेली? मी धाडधाड लाथा घातल्या. दगड तीन दिशांना गेले, मडक्याच्या खापऱ्या झाल्या, आर वाळूखाली दाबला. मग गाठोडं सोडायला मी पाठ फिरवली, गाठ काही केल्या सुटेना. बायकांमधून कुणाचा तरी श्वास अडकल्याचा आवाज आला. मी वळले.

चूल उभी होती. तीन दगड, चपटा दगड, पट्टी. मडकं अखंड. पाण्याला नुकती वाफ धरत होती.

"दोन्या सिप्रियाना," मी म्हटलं, "तुमची एका दमात मोडली होती."

"माझा म्हातारा चालत होता, पोरी," ती म्हणाली. "तुझा बसला असेल."

मी दुसऱ्यांदा मोडत बसले नाही. खड्डा खणला, नखं तुटेपर्यंत खणला. पाणी यायला किती वेळ लावतं हो! तळाशी साचलं तेवढं खारट पाणी मी मडक्यात भरलं.

"राबोना मागे जात नाही," सिप्रियाना म्हणाली. रागाने नाही, आठवण करून दिल्यासारखी.

"मग आजपासून मी राबोना नाही."

बाल्तासारा दोन दिवसांत एक अक्षर बोलली नव्हती. ती उठली आणि आपल्या वाटणीच्या पाण्याचा भोपळा तिने माझ्या खांद्याला अडकवला. "घे," ती म्हणाली. "माझ्याकडे पिणारं कोणी नाही."

वाटेत पलटण समोरून आली. मी एकेक चेहरा बघत गेले. शेवटचा चेहरा बघून झाला आणि त्यात इलारियो नव्हता. कप्तानाने घोडा आडवा घातला.

"ए बाई! पाणी मागे जात नाही, ऐकलं नाहीस?"

"पाणी नाही जात, कप्तानसाहेब. मी जातेय. गोळी घालायची तर घाला, पण मडक्यावर नको."

सार्जंट बार्रेदा कप्तानाच्या शेजारीच होता. तो घोड्याचा लगाम हातात घेऊन नालाकडे बघत म्हणाला, "साहेब, ह्याचा नाल सैल झालाय. आत्ताच बघायला हवा." तेवढ्यात मी निसटले.

५

धुक्यात मला माझ्या पायांपलीकडे काही दिसत नव्हतं. उजवीकडे समुद्राचा आवाज ठेवायचा आणि चालत राहायचं, एवढं मी ठरवलं होतं. थोडं अंतर गेल्यावर मडक्यावर पेला आपटल्याचा आवाज येऊ लागला. टक्. टक्. पावलागणिक. आयुष्यभर ऐकलेला आवाज, त्यात काय एवढं! मला उलट धीर आला.

मग लक्षात आलं की आवाज पाठीमागून येत नव्हता. पुढून येत होता.

डोंगरात आवाज फिरून येतो. पण इथे कुठे डोंगर? सपाट वाळू. मी थांबले. तो थांबला नाही. मी पाठीवर हात नेऊन माझा पेला सोडवला आणि मुठीत घट्ट धरला. समोर टक्, टक्, शांतपणे, ज्या बाईला वाट ठाऊक आहे आणि घाई नाही तिच्या चालीने.

ती त्याच्याकडेच चालली होती. हे मला कसं कळलं म्हणून विचाराल तर सांगता येणार नाही, पण कळलं. आणि काय गंमत बघा, भीती होती तिथेच राहिली आणि मी पुढे गेले. "माझा आहे तो!" असं ओरडत मी पळत सुटले. पाणी हिंदकळत होतं, परकराच्या चिंध्या पायात येत होत्या. समोरचा आवाजही झपाट्याने टकटकायला लागला. आम्ही दोघी पळत होतो.

६

इलारियो वाटेच्या कडेला बसला होता. पाय पसरून, आरामात. टाच उघडी होती, जखम धुतलेली, स्वच्छ. ओठ ओले होते. टक् टक् थांबलं होतं.

"पेटली का चूल?" तो हसून म्हणाला.

"ऊठ."

"आत्ताच तर म्हणालीस बस म्हणून. पाणी पाजलंस, पाय धुतलास, म्हणालीस, मी चूल पेटवते, मग हाक मारते. परत कशाला आलीस?"

पेला मुठीतच होता. मी तो भरला आणि त्याच्या तोंडाला लावला. त्याने घोट घेतला आणि पचकन थुंकला.

"हे खारट आहे! मघाचं किती गोड होतं."

"खारटच प्यायचं," मी म्हटलं. "नीट ऐक, इलारियो. खारट देते ती मी. गोड देते ती मी नाही. पी."

त्याने माझ्याकडे फार विचित्र नजरेने पाहिलं. तोलत असल्यासारखं. त्या क्षणी तो कुणावर विश्वास ठेवणार, हे मला खरंच माहीत नव्हतं. मग त्याने डोळे मिटले आणि प्यायला. संपवला पेला. बाल्तासाराच्या भोपळ्यातलंही प्यायला. मी त्याची काख खांद्यावर घेतली आणि त्याला उभा केला.

तेव्हा वाटेपासून थोडं आत, धुक्यात, विस्तव दिसला. एक बाई आमच्याकडे पाठ करून, वाकून चूल फुंकत होती. पाठीवर माझंच गाठोडं. परकर निळा आणि खालची किनार फाटलेली. फुंकायचं थांबून तिने मान वळवायला सुरुवात केली.

मी इलारियोचे डोळे झाकले. माझे झाकायला हात उरला नाही.

सगळं सांगणार नाही. एवढंच सांगते की तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती त्याच्याकडे बघत होती, आणि मी त्याच्याकडे बघते तशीच, काळजीने. पाय दुखतोय का, भूक लागलीय का, असं. दात विचकणारं काही असतं तर बरं झालं असतं.

मी त्याला ओढत पुढे नेला. एकदाही वळले नाही.

७

अरिका आलं, पुढे लढाई हरलो, ते सगळं झालं. आम्ही जगलो. खोऱ्यात थोडी जमीन मिळाली, मुलं झाली, ती आपापल्या वाटेने गेली. इलारियोने मला परकरही घेऊन दिला, हिरवा.

त्या दिवसापासून मी त्याच्या पाण्यात चिमूटभर मीठ घालते. शेजारणी हसतात. हसोत. तो तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "तूच आहेस म्हणायची." आमची ही रोजची थट्टा. मधूनअधून मी सकाळी अंगणात जाते तर चूल आधीच पेटलेली असते, शेजारी चपटा दगड. मुलगी म्हणते, आई, तूच पेटवतेस आणि विसरतेस, वय झालं. असेल. मी वाद घालत नाही. लाथ घालते. हल्ली गुडघा वर येत नाही, म्हणून काठीने ढकलते, पण मोडते. मोडली की ती मोडलेलीच राहते.

इलारियो आता अंथरुणाला खिळलाय. थंडीपासून त्याला ताप आहे. आज सकाळी मी अंगणात गेले, चूल पेटलेली होती. मोडली, पुन्हा बघितलं. उभी होती. पुन्हा मोडली. पुन्हा उभी.

मी आत आले. त्याचे ओठ ओले होते.

"आज मीठ जरा जास्त झालं का गं?" तो म्हणाला.

मी अजून पाणी दिलंच नव्हतं.

मी दाराला आतून कडी घातली. कोनाड्यातलं कालचं पाणी त्याला पाजलं, त्याच्या शेजारी अंथरुणात शिरले आणि त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. "चूल नाही का पेटवायची?" त्याने विचारलं. नाही म्हटलं. जन्मभर मी तुझ्या आधी पुढे जाऊन चूल मांडली. आता नाही जाणार. आज आपण उपाशी राहू.

अंगणात पेला वाजतोय. त्याने मान तिकडे वळवली आहे, आणि मी हात सोडलेला नाही.